आठ ठोके

"पुडून लोक बगतात, सर. मागून आपन बगायचं."

हे वाक्य चीफनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल. दर वेळी ते घंटा आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत अंग चोरून उभे असायचे. हातात पांढरं फडकं, शेजारच्या बाकावर चिंच-मिठाची डबी, आणि नजर घंटेच्या मागच्या अंगावर, जे बागेतल्या कुणालाच दिसत नसे. पुढच्या बाजूला ते दोन हात मारून मोकळे व्हायचे. मागची बाजू मात्र अर्धा अर्धा तास घासायची, आणि तीसुद्धा एकाच जागी. आम्ही म्हणायचो, ही नौदलाची शिस्त. तुम्हीही तेच म्हणाला असतात.

कामोठ्यात आमच्या सेक्टरच्या बागेत नौदलाचं स्मारक आहे. नाकासारखा पुढे आलेला एक चौथरा, त्यावर लोखंडी डोलकाठी, पायाशी काळा रंग दिलेला नांगर आणि साखळी, मागे ग्रॅनाइटची लांब भिंत. महाराजांच्या आरमारापासून आजच्या पाणबुड्यांपर्यंतचा इतिहास त्या भिंतीवर कोरलेला आहे. तो मजकूर माझा. मी गणिताच्या शिकवण्या घेतो, पण बागेच्या समितीत शुद्धलेखनाची भीती नसलेला मी एकटाच होतो, म्हणून इतिहास माझ्या गळ्यात पडला. भिंतीपुढे लोखंडी चौकटीत पितळी घंटा टांगली आणि शेजारच्या पाटीवर मी लिहिलं: 'ही घंटा भारतीय नौदलाच्या एका निवृत्त युद्धनौकेवरील असून तिने अनेक वादळे पाहिली आहेत.' युद्धनौका मला कंत्राटदाराने सांगितली होती. वादळं माझी.

उद्घाटन झालं, नारळ फुटला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत एक ठेंगणा, सावळा, सत्तरी उलटलेला माणूस आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट. फाटकातून आत पाऊल टाकताच तो थांबला, डोलकाठीकडे वळला आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. डोलकाठीवर तेव्हा एक कावळा बसला होता. कावळाही जरा दचकला.

मग त्यांनी बोट लावून सगळी भिंत वाचली. मी मुद्दाम जवळच घुटमळत होतो. लेखकाला हा मोह असतोच.

"ह्ये कोनी लिवलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"नांगर बोट धरतो आसं लिवलंय तुमी. नांगर बोट धरत नाय. साखली धरते. तलाला वजनदार साखली पडलेली आसते, तिच्या जिवावर बोट उभी ऱ्हाते. नांगराचं नुस्तं नाव होतं."

मी नम्रपणे मान डोलावली आणि मनात चरफडलो. नंतर ते घंटेपाशी गेले. पुढून पाहिली, खाली वाकून आतला लोलक पाहिला, भिंतीच्या फटीत शिरून मागून पाहिली. मग माझी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. माझ्याकडे बघितलं, पुन्हा घंटेकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये मात्र झकास लिवलंय."

मी दोन दिवस त्या शाबासकीवर तरंगत होतो.

ते आमच्या शेजारच्या जुन्या गावठाणातले. नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना चीफ म्हणत. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. आता त्या मिठागरावर आमचे सेक्टर उभे आहेत. आमच्या तळमजल्याच्या भिंतींना दर वर्षी पांढरी पुटं येतात, रंगाचे पोपडे पडतात. मी ही तक्रार त्यांच्याकडे केली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "तुमचा बेडरूम हाय ना, तितं आमचा बांध होता. बाबा माजा अजून मीठ पिकवतो वाट्टं." सतराव्या वर्षी त्याच बांधावरून उठून ते नौदलात गेले. "मिठातून निगालो आनि मिठातच गेलो," असं म्हणत.

युद्धाच्या गोष्टी ऐकायला मुलं त्यांच्याभोवती जमत. "आजोबा, लढाईत तुम्ही काय केलं?"

"घंटा वाजवली."

मुलांचे चेहरे पडत. पण ते खरं होतं. बोटीवर वेळ राखणं, दर अर्ध्या तासाला घंटा देणं, झोपलेल्यांना उठवून ड्यूटीवर उभं करणं, हे त्यांचं काम. मुलं पांगली की एकदा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या भिंतीवर लढाया हायेत, बोटी हायेत, मोटे सायेब हायेत. रातभर जागून ड्यूटी करनारे कुटं हायेत?" त्यांनी हनुवटीने घंटेकडे खूण केली. "थितं हायेत. म्हनून ती पायजे." ते घंटेला इतके का जपतात, हे मला त्या दिवशी कळलं, किंवा निदान अर्धं कळलं.

संकट आलं ते भक्तीच्या वाटेने. आपल्या माणसाला घंटा दिसली की तो चपला काढतो. पहिल्या आठवड्यात नांगरावर एक जास्वंद दिसली. दुसऱ्या आठवड्यात हळदी-कुंकू. मग शनिवारी कुणीतरी नांगरावर तेल ओतलं आणि पुढच्या शनिवारी तेलाला रांग लागली. डोलकाठीला लिंबू-मिरची आली. चीफनी स्वतः विणलेली सुंदर पांढरी दोरी घंटेच्या लोलकाला बांधली होती, तिच्यावर नवसाचे दोरे बांधले जाऊ लागले. माझ्या क्लासची दहावीची पोरं चाचणीच्या आधी बागेतून घंटा वाजवून यायची. मी शिकवलेल्या गणितापेक्षा त्यांचा युद्धनौकेवर जास्त भरवसा होता.

चीफ चौथऱ्यावर उभे राहून ओरडत, "ओ ताई, ह्ये देऊल नाय. जहाज हाय."

ताई हात जोडून म्हणत, "हो हो," आणि तीन वेळा घंटा वाजवून प्रदक्षिणा घालत. त्यातून पांढऱ्या कपड्यांतला हा म्हातारा रोज घंटा पुसतो म्हटल्यावर लोक त्यांनाच पुजारी समजायला लागले. एका गृहस्थांनी त्यांच्या पाया पडून अंगारा मागितला. चीफनी त्याला चिंच-मिठाची चिमूट दिली. त्या माणसाचं काम झालं असावं, कारण पुढच्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला.

पेढे चीफनी खाल्ले. "ड्यूटीवर मिलालेलं नाकारायचं नसतं," म्हणाले.

पण आतून ते कासावीस झाले होते. "सर, वर्सभरात इतं मूर्ती येल. मंग तुमची भिंत लपल, घंटा आरतीला जाईल." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चिरकला होता. मला वाईट वाटलं आणि माझ्या भिंतीची काळजीही वाटली. खरं सांगायचं तर आधी भिंतीची.

भक्तांच्या आघाडीवर सावंत सिस्टर होत्या. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका, उंच, खणखणीत आवाजाच्या, सकाळच्या चालण्याच्या गटाच्या म्होरक्या. चीफनी एका सकाळी त्यांना अडवलं.

"घंटा वाजवू नका."

"का? मी इथे हात जोडल्याशिवाय चहा घेत नाही."

"हात जोडा. मी कुटं नाय बोल्लो? पन घंटा ही वेल सांगायला आसते. तुमी आता पावनेसातला तीन ठोके दिले. समुद्रात आसतो तर सगली बोट गोंधलली आसती."

"आपण समुद्रात नाही, कामोठ्यात आहोत."

चीफनी फडक्याची घडी घातली. मला वाटलं, हरले. पण ते विचार करत होते. मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, इस्पितलात तुमची ड्यूटी किती तासांची?"

"आठ."

"आनि दुसरी सिस्टर आल्याबिगर वार्ड सोडून जायच्यात?"

"कधीच नाही," सिस्टर म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांची पाठ आपोआप ताठ झाली, आणि चीफनी ते हेरलं.

पुढचा पाऊण तास दोघं बाकावर बसून होते. दुसऱ्या दिवशी चौकटीला पुठ्ठ्याचा तक्ता लटकत होता. हिशोब सोपा आहे. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढवायचा. साडेआठला एक, नऊला दोन, साडेनऊला तीन, असं करत बाराला आठ. आठ झाले की चार तासांची ड्यूटी संपली, पुढचा माणूस उभा राहिला, पुन्हा एकपासून. ठोके जोडीजोडीने द्यायचे. ज्याला घंटा वाजवायची हौस आहे त्याने नाव नोंदवायचं आणि आपल्या वेळेला यायचं. मधे कुणी हात लावायचा नाही.

नमस्कार बंद करायचा नाही, फक्त त्याला वेळापत्रक लावायचं, ही युक्ती मला आयुष्यात सुचली नसती. महिनाभरात चालण्याचा अख्खा गट ड्यूटीवर होता. दुपारी आळीपाळीने गृहिणी, संध्याकाळी पेन्शनर. चीफ फाटकातून येतानाच विचारत, "ड्यूटी कोनाची?" आणि कोणीतरी पदर सावरत किंवा टोपी नीट करत म्हणे, "माझी."

संध्याकाळी मात्र घोळ व्हायचा. सहाला चार ठोके आणि साडेसहाला एकदम एकच. एक पेन्शनर आजोबा यावरून तक्रारअर्ज लिहिणार होते. चीफनी त्यांना समजावलं, की बोटीवर संध्याकाळची ड्यूटी दोन-दोन तासांची तोडलेली असते, नाहीतर रोज मध्यरात्रीचं जागरण एकाच माणसाच्या नशिबी येईल. म्हणून सहानंतर मोजणी नव्याने. आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "हे आमच्या खात्यात कुणाला सुचलं नाही." अर्ज बारगळला. मी माझ्या सातवीच्या मुलांना त्या ठोक्यांवर गणितं घातली आणि पोरांना ती चक्क आली.

आसपासच्या इमारतींतले दिवस त्या घंटेवर चालू लागले. सकाळच्या सातव्या ठोक्याला डबे भरून तयार, दुपारच्या आठव्याला कुकर खाली. दुपारच्या शाळेची मुलं नेणारा रिक्षावाला आठ ठोके पडले की स्टार्टर मारायचा. मोबाइल प्रत्येकाच्या हातात होता, तरी लोक कान देऊन मोजत. तेलाची रांग कमी झाली. नांगरावर एखादी जास्वंद दिसायची, ती चीफ राहू देत.

अशी चार-पाच वर्षं गेली, आणि तरीसुद्धा ते व्हायचं ते झालंच. आमच्या भागात एक दादा आहेत. नाव कशाला, प्रत्येक भागात असतात. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागे चार जण. एका संध्याकाळी ते बागेत आले आणि त्यांनी चौथऱ्यासमोर सगळ्यांना गोळा केलं.

"बघा, डोन्ट माइंड, पण इथे घंटा आहे, भाविक आहेत, वातावरण एकदम मस्त आहे. फक्त देव आणायचा बाकी आहे. ही भिंत आपण टाइल्सने कव्हर करू, काठीला भगवा लावू, छान मंदिर होईल. नौदलाचं नाव पायरीवर लिहू ना. रिस्पेक्ट आहेच."

देवाला नाही कोण म्हणणार? मीच शिकवणीच्या आवाजात सुरुवात केली. "हे स्मारक आहे. ही घंटा युद्धनौकेवरची आहे. तिला ऐतिहासिक मूल्य आहे."

"कशावरून?" दादांनी हसून विचारलं. "पेपर आहे का काही?"

"पाटीवर लिहिलंय."

"ती तुम्हीच लिहिली ना, सर?"

मागचे चौघे खो खो हसले. माझे कान तापले. मी चीफकडे बघितलं. आता हा माणूस बोटीचं नाव सांगेल, सन सांगेल आणि या लोकांची तोंडं बंद करेल, अशी माझी खात्री होती. चीफ मात्र चौथऱ्याच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होते. सावकाश, एक पाय झाला, मग दुसरा. मला त्यांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात सावंत सिस्टर गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या. दादांना म्हणाल्या, "बाजूला व्हा जरा. ड्यूटी आहे." आणि दोरी धरून ठोके दिले. दोन जोडीचे, एक सुटा.

बागेतल्या चाळीस माणसांनी मनात मोजले. दादांच्या मागच्या एकाने नकळत मोबाइल काढून पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "साडेसात. करेक्ट."

चीफ उठले. कपडे झटकले. "दादा, तुमच्या गावदेवीच्या देवलात घंटा हाय ना? एवडी मोटी?"

"हाय ना."

"ती किती वाजले ते सांगते का?"

दादा गोंधळले. "ती कशाला सांगेल?"

"मंग," चीफ म्हणाले, "आता तुमीच ठरवा, ही देवलाची का बोटीची."

आधी पेन्शनर आजोबा हसले, मग सगळी बाग. दादा कच्चे नव्हते, त्यांनी सिस्टरना धरलं. "ताई, तुम्ही तर रोज हात जोडता. तुम्हाला मंदिर नको?"

"चालत जाण्याच्या अंतरावर चार देवळं आहेत, दादा," सिस्टर म्हणाल्या. "तिथे मला कुणी घंटेला वेळ नेमून देत नाही. इथे मी नाही आले तर बारा इमारती खोळंबतात."

यावर दादांना हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी चीफना वाकून नमस्कार केला, एक ठोका मारायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही, आणि ते गाडीत बसून गेले. देव आला नाही तो नाहीच.

लोक पांगल्यावर मी कुरकुरलो. "चीफ, तुम्ही बोटीचं नाव तरी सांगायचं. एखादा कागद असता तर मी त्याला तिथेच गप्प केला असता." यावर चीफ जे हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, मी पाठ चोळली. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मी आपला अपमान गिळून घरी गेलो.

तो ठसका मात्र नंतर राहिलाच. पावसाळ्यानंतर चीफचं येणं कमी झालं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, सुनेचा हात धरून. फाटकातला सॅल्यूट चुकला नाही. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि फडकं माझ्या हातात ठेवलं.

"आता हात उचलत नाय, सर. उद्यापासून तुमी. पुडून दोन हात मारा. मागून नीट."

मी घंटा आणि भिंतीमधल्या फटीत पहिल्यांदाच शिरलो. माझं पोट चीफपेक्षा मोठं, त्यामुळे श्वास रोखून. फडकं घंटेला लावलं तर खरखर आवाज आला. घडी उलगडून पाहिली तर आत बारीक पॉलिश पेपर. आणि घंटेच्या मागच्या अंगावर, जिथे इतकी वर्षं चीफचा हात फिरत होता, तिथे पितळ झिजून जरा खोलगट झालं होतं आणि त्यात पुसट अक्षरं अजून तग धरून होती. डोळे बारीक केले तेव्हा लागली. पनवेलच्या जुन्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाचा शिक्का, अर्धाअधिक गेलेला. आणि खाली: साडेसात किलो.

मी तिथेच उभा राहिलो. उजव्या हाताला माझी पाटी होती. अनेक वादळे पाहिली आहेत.

"चीफ," मी फटीतूनच म्हटलं, "ही तर बाजारातली आहे. देवळात टांगायची."

"व्हय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच दिवशी. बोटीच्या घंटेला असला लोलक नसतो. मागं येऊन बगितलं तर शिक्का."

"आणि तुम्ही मला म्हणालात झकास लिहिलंय."

"झकासच लिवलंय. मलापन वादलं दिसली."

मी बाहेर आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. सगळं ओळीने डोक्यात लागत होतं. नाडी का बांधत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी का आलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी आपण सगळ्यांसमोर खोटं बोललो."

"आपन नाय. तुमी बोल्लात. मी फकस्त इचारलं, देवीची घंटा वेल सांगते का."

"पण सांगायचं तरी. नवी मागवली असती."

"मी सांगितलं आसतं तर ही काडली आसती. चवकशी लागली आसती. तुमचं नाव खराब झालं आसतं. आनि नवी कदी आली आसती? रिकाम्या चौकटीत दादांनी देव बसवला आसता." एवढं बोलून त्यांना धाप लागली. सून पाण्याची बाटली घेऊन पुढे आली, त्यांनी तिला हाताने थांबवलं. "आनि सर, मी काय नेवीत जलमलो? मीपन मिठागरातलाच. कपडे दिले, घातले. ड्यूटी दिली, केली. करता करता झालो नेवीचा. हिला जरा टाइम द्या की."

मला त्या माणसाविषयी त्या क्षणी जे वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. माया होती, आणि लाजही होती. इतकी वर्षं ते माझी चूक रोज थोडी थोडी घासत होते, तीसुद्धा मला कळू न देता. मी फक्त विचारलं, "अजून किती दिवस लागतील?"

त्यांनी फटीकडे अंदाज घेत पाहिलं. "दुकान जाईल लवकर. किलोला टाइम लागल. खोल मारलाय साल्यानं."

त्यानंतर चीफ बागेत दोनदाच आले. एका सकाळी माझा क्लास चालू असताना त्यांच्या सुनेचा फोन आला. ती फार बोलली नाही. "बाबा गेले, सर. तुमाला पैलं सांगायला सांगून ठेवलं होतं." मुलांना सोडलं आणि मी चालत बागेत आलो. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दहाचे चार ठोके देऊन ड्यूटीवरच्या बाई घरी गेल्या होत्या. बागेत एक माळी होता, पाइप धरून.

मी फाटकातून आत आलो, डोलकाठीकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सॅल्यूट केला. हात चुकीचा लागला असणार. मग दोरी धरली. दोन. दोन. दोन. दोन. आठ.

याचा परिणाम काय होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आसपासच्या बारा इमारतींत एकदम बारा वाजले. कुकर खाली आले, पोळ्या लाटायला घेतल्या गेल्या, झोपलेल्या आजोबांना जेवायला उठवलं गेलं. रिक्षावाला अर्ध्या आंघोळीची पोरं गोळा करत फिरला. एक बाई गॅलरीतून ओरडल्या की आज डाळ शिजायच्या आत दुपार कशी झाली. पाच मिनिटांत निम्मा गट बागेत हजर होता, कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या हातात लाटणं, आणि सगळ्यांचे चेहरे माझ्यावर तापलेले.

सावंत सिस्टर सगळ्यांत पुढे होत्या. "सर, दहाच वाजलेत. गणिताचे सर ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "दहाच वाजलेत. चीफची ड्यूटी संपली."

सिस्टरनी आयुष्य इस्पितळात काढलेलं, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी कणकेचे हात साडीला पुसले आणि घंटेसमोर जोडले. मागच्या बायकांनीही जोडले. हे देऊळ नाही, असं सांगायला तिथे कुणी नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि अगदी चीफच्याच सुरात, पण आपल्या भाषेत विचारलं, "मग आता ड्यूटी कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

तुम्ही कामोठ्याला आलात तर बागेत जरूर या. तक्ता बघा, भिंत वाचा, नांगराच्या ओळीत मी साखळी घालून घेतली आहे. घंटेची पाटी मात्र तशीच आहे, ती बदलायची नाही. सकाळी मी फटीत श्वास रोखून उभा दिसेन. पुढून बघा, मागे येऊ नका. दुकान गेलं, साडेसात गेले. किलोचा 'लो' तेवढा राहिलाय. दोनेक वर्षांत ती घंटा युद्धनौकेवरची होईल.